खुणेपर्यंत पाणी

वसमत,
६ जानेवारी २०२५

ती. यशोधरा आत्यास,
पल्लवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचा मजकूर वाचायला तू साफ नकार देतेस, म्हणून हे पत्र. सोबत बावीस पानांचं पुस्तक आहे. त्यावरच्या लाल रेघा बघून घाबरू नकोस. आजवर इंग्रजीत मी पास होत आले, ते कसं, हे तुला आता कळेल.

वैजनाथभाऊंच्या कारखान्यात मला दीड वर्ष झालं. आम्ही हळद शिजवायचा कुकर करतो हे तुला माहीत आहे, पण तो तू पाहिलेला नाहीस. खाली पाण्याची टाकी आणि भट्टी असते, तिथली वाफ नळीतून चार ड्रममध्ये जाते आणि ड्रममधली ओली हळद शिजते. आजवर या यंत्राला पुस्तक लागलंच नाही. यंत्र गेलं की सोबत उकंडराव मिस्त्री जातात. शेतकऱ्याच्या घरी तीन दिवस राहतात, नारळ फोडतात, पहिली हळद स्वतः शिजवून देतात, पाहुणचार घेतात आणि परत येतात. इथे सगळे म्हणतात, यंत्रासोबत माणूस जातो.

आता टांझानियाच्या एका शेतकरी संस्थेने एक कुकर मागवला आहे. पसंत पडला तर आणखी अकरा घेणार. तिकडे उकंडराव जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी पुस्तक जायचं आहे. भाऊंनी ते लिहायला मला सांगितलं. उकंडरावांनी तोंडी सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. संस्थेचे हैदराबादचे तपासनीस आहेत, त्यांनी ते परत पाठवलं. अ, ॲन, द यांचा पत्ता नाही, त्यामुळे कोणत्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय तेच वाचणाऱ्याला कळत नाही, असा शेरा.

भाऊ म्हणाले, महिन्याभरात सुधार, नाहीतर पुण्याच्या एजन्सीकडे देतो, आणि तू स्टोअरमध्ये नटबोल्टच्या पेट्या लावायला परत जा. आत्या, मला परत जायचं नाही. पहिल्यांदा कोणी मला टेबल दिलंय.

उत्तराची वाट बघून राहिले. लाल शाई जपून वापर.

तुझी लाडकी (बाबा म्हणतात, लाडावलेली),
पल्लवी

—

हिंगोली,
११ जानेवारी २०२५

चि. पल्लवीस,
अ. आ. वि. वि.

पुस्तक दोनदा वाचलं. मुली, तुझं इंग्रजी वाईट नाही, ते घाईत आहे. हे तीन शब्द मराठीत नाहीत, म्हणून आपल्याला त्यांची उणीव भासत नाही. आपण झाकण उघड म्हणतो, आणि कोणतं ते ऐकणाऱ्याला आपल्या नजरेवरून कळतं. टांझानियातल्या माणसाला तुझी नजर कुठे दिसणार?

मी सिकंदराबादच्या नन्सच्या शाळेत गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. पूर्णा जंक्शनवर दादा, म्हणजे तुझे आजोबा, रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. रेल्वेचा पास होता म्हणून तेवढ्या लांब पाठवलं. पहिल्या दिवशी सिस्टर बेनेडिक्टांनी मला वर्गाबाहेर उभं केलं, दार वाजवायला लावलं आणि मुलींना विचारलं, कोण आलंय? सगळ्या म्हणाल्या, अ गर्ल. मग मला आत आणून बाकावर बसवलं आणि विचारलं, आता बाकावर कोण बसलंय? सगळ्या म्हणाल्या, द गर्ल. मला एक अक्षर कळलं नव्हतं, पण बाहेर उभी असताना आणि आत बसल्यावर आपल्याला वेगळं म्हणतात, एवढं कळलं. आजही लिहिताना मला ते दार दिसतं.

तूही तसंच कर. तुझा प्रत्येक नट, प्रत्येक नळी दारात उभी आहे असं समज. पहिल्यांदा आली की अ. ओळख झाली की द. यंत्राला धुराडं एकच आहे, त्याला ओळख करून द्यायची गरज नाही, ते पहिल्यापासून द. पाणी आणि वाफ मोजता येत नाहीत, त्यांना मोकळं सोड. पण टाकीतलं ठरावीक पाणी म्हणायचं असेल तर द वॉटर इन द टँक. व्हॉल्व्ह तीन, ड्रम दोन, असे नंबर लावलेस की तेच त्यांचं नाव, नावापुढे काही नको. आणि तासाच्या, म्हणजे अवरच्या, आधी ॲन येतो, कारण इथे अक्षर बघायचं नसतं, कानाने ऐकायचं असतं. माझे कान गेले तरी हे अजून ऐकू येतं. यंत्रावरच्या पत्र्याच्या पट्टीवर हे शब्द गाळले तरी चालतात, तिथे जागा नसते. पुस्तकात जागा आहे.

लाल शाई वापरली नाही, पेन्सिलने लिहिलंय. त्याला कारण आहे. दादा मला वसतिगृहात इंग्रजीतून पत्रं लिहीत. स्टेशनच्या पाट्या आणि फॉर्म वाचून शिकलेलं इंग्रजी. बारा वर्षांची असताना मी त्यांची पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवायची. ते ती सुबक अक्षरात पुन्हा उतरवून मला दाखवायला ठेवायचे. पुढे त्यांनी इंग्रजीत लिहिणं सोडलं. मला वाटायचं, कंटाळले असतील.

तुझ्या टेबलाला काही होणार नाही. मी आहे.

तुझी आत्या,
यशोधरा

—

वसमत,
२७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. आधी उत्साहात मी कोथिंबीर भुरभुरावी तसा सगळीकडे द टाकला. मग तुझी पेन्सिल बघून निम्मे काढले. आता प्रत्येक शब्दापाशी थांबते आणि स्वतःला विचारते, कोणता?

त्याचा एक परिणाम असा झाला की मी उकंडरावांनाही विचारत सुटले. ते म्हणाले, झाकणाचा बोल्ट सैल करा. मी म्हटलं, कोणता? ते म्हणाले, अगं समोरचा. मी म्हटलं, समोरचा म्हणजे कोणाच्या समोरचा? त्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, की चाळीस वर्षं हळद शिजवून राहिलो, एका शेतकऱ्यानं मला कोणता म्हणून विचारलं न्हाई, आन ही पोरगी मला माझाच कुकर विचारून राहिली. पण मग आले, बोट ठेवून दाखवलं. तो बोल्ट आता व्यवस्थित द बोल्ट झालाय.

अधूनमधून मात्र टोमणे चालूच असतात. काल चहाच्या वेळी म्हणाले, व्हय, लिव्ह बाई लिव्ह, पुस्तकालाच नारळ फोडायला लाव, पुस्तकालाच पाहुणचार कर. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आता खरी अडचण. तपासनीसांना नवीन पुस्तक पसंत पडलं, पण ते म्हणतात, चाचणी हवी. ज्याने हे यंत्र कधी पाहिलं नाही आणि ज्याला इंग्रजी वाचता येतं अशा माणसाने फक्त पुस्तक हातात घेऊन हळद शिजवून दाखवायची. कोणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. अडला तर चाचणी फसली. भाऊंनी सगळं वसमत धुंडाळलं. इथे ज्याला इंग्रजी येतं त्यानेही लहानपणापासून कुकर पाहिलाय. शेवटी त्यांनीच विचारलं, की तुझ्या त्या हिंगोलीच्या इंग्रजीवाल्या आत्याबाईंनी हळद कुठे पाहिलीय?

मी म्हटलं, फक्त डब्यात. येशील का? १४ फेब्रुवारीला.

पल्लवी

—

हिंगोली,
१ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवीस,
अ. आ.

येते. तुझ्या वैजनाथभाऊंना सांग की आत्याबाईंनी हळद डब्यात, वरणात आणि नवरीच्या अंगावर पाहिलेली आहे, त्याआधी ती कुठे असते याची चौकशी केलेली नाही. माझ्याइतका अडाणी माणूस त्यांना जिल्ह्यात मिळणार नाही.

तपासनीसांना मात्र मी स्वतः सांगणार, की यातलं इंग्रजी मी तपासलंय. लपवाछपवी नको. तू सोबत पाठवलेली बारा ते बावीस पानं परत पाठवते आहे. बाराव्या पानावर फिल वॉटर अप टू मार्क होतं, तिथे द मार्क केलंय. बाकी निर्दोष आहे. मी तीस वर्षं शाळेत पेपर तपासले, त्या भरवशावर सांगते, तू पास आहेस.

तुझ्या बापाला, रवींद्रला, निरोप दे की मी एसटीने एकटीच येईन. जवळा बाजारहून मला न्यायला जीप घेऊन येऊ नये. दरवेळी तो मला पार्सलासारखं नेतो.

आत्या

—

हिंगोली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवीस,
अ. आ. वि. वि.

परवा निघताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे. पण काय झालं ते माझ्या बाजूने लिहायलाच हवं, कारण कोणी मदत करू नये म्हणून तुला आखलेल्या रेषेच्या पलीकडे उभं केलं होतं.

अकराव्या पानापर्यंत मला किती मजा आली म्हणून सांगू! हिरवा रंग नुकता दिलेला तो कुकर, अंगणात हळदीचा ढीग, आणि मी साडीचा पदर खोचून पुस्तक वाचत एकेक वस्तू ओळखत होते. द चिमनी, हे धुराडं. व्हॉल्व्ह एक ते चार, बरोब्बर चार. ओळख करून दिलेल्या माणसांच्या घरात फिरावं तसं वाटत होतं. उकंडराव हाताची घडी घालून भिंतीपाशी उभे होते.

मग बारावं पान. टाकीत खुणेपर्यंत पाणी भरा. मी टाकीच्या बाजूची काचेची उभी नळी पाहिली, तिच्यात पाणी चढताना दिसत होतं. खूण दिसेना. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. तिथे खूणच नव्हती. तू ओठ घट्ट मिटून उभी होतीस. क्षणभर वाटलं, अंदाजाने अर्धी नळी भरावी आणि पुढे जावं, म्हणजे माझी पोरगी पास होईल. पण त्याच पानावर तूच लिहिलंयस, की पाणी कमी पडलं तर टाकी कोरडी तापून फुटू शकते. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि तपासनीसांना सांगितलं, की मला खूण सापडत नाही, मी भट्टी पेटवणार नाही.

ते म्हणाले, मॅडम, आपने ठीक किया, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले.

एसटीत बसल्यापासून मला एकच गोष्ट आठवते आहे. दादांनी एकदा लिहिलं होतं, आय हॅड फीव्हर सो ड्यूटी वॉज मिस्ड. मी फीव्हरच्या आधी लाल शाईने अ घातला आणि ड्यूटीच्या आधी माय. पत्र परत पाठवलं. ताप कसा आहे, हे विचारलंच नाही. तो टायफॉइड होता, पुढे महिनाभर ते अंथरुणाला होते, आणि मला ते उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं. तुझ्या पानावरही तेच केलं. मार्कच्या आधी द घातला, आणि ती खूण कुठे आहे म्हणून विचारलं नाही. तुला रोज कोणता, कोणता विचारायला शिकवलं आणि स्वतः विसरले.

चूक माझी आहे, तसं मी भाऊंना वेगळ्या पत्राने कळवलं आहे. तू आता एक कर. ती खूण कुठे आहे, ते शोधून काढ. उकंडरावांनी सांगितली म्हणजे ती कुठेतरी असणारच.

तुझी,
आत्या

—

वसमत,
१९ फेब्रुवारी २०२५

बाईंला उकंडराव मिस्त्रीचा रामराम.

पत्र लिहायची मला सवय न्हाई, पोरीला न सांगता लिहून राहिलो. तिनं काल मला ईचारलं, काका, खूण कुठाय? मी म्हणलं, काय ठावं. ते खोटं होतं.

खूण माझ्या खिशात असती. लाल दोरा. यंत्र शेतकऱ्याच्या अंगणात उभं केलं की मी पाण्याची बाटली आडवी ठिवून बघतो, जमीन बराबर हाये का न्हाई. मंग नारळ फोडतो आन काचेच्या नळीला, जिथवर पाणी पाहिजे तिथं, दोरा बांधतो. लोकाला वाटतं पूजेचा हाये. वैजनाथलाबी तसंच वाटतं. त्याच्या बापाला ठावं होतं, तो गेला. मी कोणाला सांगितलं न्हाई, कारण कोणी ईचारलं न्हाई. आन पोरीला पुस्तकासाठी खुणेपर्यंत पाणी म्हणून सांगितलं, तवा मला वाटलं मी तं बांधीनच. मंग आठवलं की मी जाणार न्हाई.

तवाच सांगायला पाहिजे होतं. काहून न्हाई सांगितलं? बाई, खरं लिहितो. मनात आलं, चाळीस वर्सं यंत्रासोबत उकंडराव जायचा, आता बावीस पानं चालली. एक गोष्ट तरी माझ्यापाशी राहू द्या. पर तुमी त्या दिवशी पुस्तक मिटलं आन भट्टी पेटवली न्हाई, तवा मला समजलं मी काय करून बसलो. तिकडं कोणी पेटवली असती तं?

लेकरू दोन दिस झाले जेवलं न्हाई. मी तिला आज सांगतो. आधी तुमाला सांगून धीर करून राहिलो.

तुमचा,
उकंडराव

—

हिंगोली,
२२ फेब्रुवारी २०२५

उकंडराव मिस्त्रींना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. माझ्याकडूनही आयुष्यात एक गोष्ट विचारायची राहिली आहे, तेव्हा तुम्हाला रागवायचा अधिकार मला नाही.

माझं ऐकाल का? दोरा पुस्तकात जाऊ द्या. तुमची बाटलीही. जमीन कशी बघायची, पाणी कुठवर भरायचं, हे तुमच्या शब्दांत पल्लवीला सांगा आणि ती कोणता म्हणून विचारेल तितक्या वेळा उत्तर द्या. म्हणजे माणूस यंत्रासोबत जाईल, फक्त गाडीत बसून नाही, पुस्तकातून.

एकच गोष्ट तिला सांगा, दोरा लाल असं लिहू नको. तिकडे लाल मिळेल न मिळेल, त्यांच्या देवाधर्माचा रंग कोणता ते आपल्याला माहीत नाही. कोणताही एक दोरा, एवढंच लिहावं. एवढी मोकळीक पाहुण्याला द्यावी.

लेकराला जेवायला घाला.

आपली,
यशोधरा

—

वसमत,
४ मार्च २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पास!

आता सगळं सांगते. उकंडरावांनी दोऱ्याचं सांगितलं तेव्हा मला आधी राग आला आणि मग मी रडले. ते म्हणाले, रडू नको, लिव्ह. मग दोन दिवस ते सांगत होते आणि मी लिहीत होते. बाटली किती भरायची? अर्धी. कोणती बाटली? काचेची, सरळ अंगाची. नळीमागे आता पितळी पट्टी बसवलीय, तिच्यावर ठोकून केलेली खूण आहे. मी विचारलं, पट्टी आहे तर दोरा कशाला? ते म्हणाले, धुरानं पट्टी काळी पडली की खूण दिसत न्हाई, दोरा दिसतो. म्हणजे ती पूजा कधीच नव्हती, आत्या, आणि निव्वळ सवयही नव्हती. दोऱ्याला पुस्तकात अर्धं पान मिळालं.

यावेळी तपासनीस म्हणाले, मीच करतो. त्यांनी पुस्तक उघडलं, यंत्राखाली फळ्या सरकवून बाटलीतलं पाणी समपातळीत आणलं, पाणी भरलं, खिशातल्या रुमालाचा एक धागा ओढून नळीला बांधला. उकंडराव भिंतीपाशी होते. धागा बांधताना तपासनीसांचा हात जरा खाली गेला, तेव्हा उकंडरावांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पण तपासनीसांनी पान पुन्हा वाचलं आणि धागा वर सरकवला. पाऊण तासात ड्रममधून असा वास सुटला की रस्त्यावरचे लोक आत आले. काडी टोचून पाहिली, आरपार गेली.

भाऊंनी पुण्याच्या एजन्सीचं नाव पुन्हा काढलं नाही. हळद घासून चकचकीत करायच्या पॉलिशच्या ड्रमचं पुस्तकही मीच लिहायचंय. टेबल माझ्याकडे राहिलं, वर खिडकीपाशी सरकवलंसुद्धा.

यंत्र काल ट्रकवर चढलं. ताडपत्री बांधायच्या आधी उकंडराव वर चढले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि उतरले. मी विचारलं, दोरा बांधला का? ते म्हणाले, न्हाई, त्यांचं ते बांधतील.

आणि आत्या, दादा-आजोबांची ती सुबक अक्षरात उतरवलेली पत्रं बाबांकडे जवळा बाजारला ट्रंकेत आहेत. आपण दोघी एकदा बसून वाचू. पेन्सिल आणू नकोस.

तुझी,
पल्लवी

—

वसमत,
९ जुलै २०२५

बाईंला उकंडरावचा रामराम.

तुमी खुशाल असाल. आमी बरे. पल्लवी आता पॉलिशच्या ड्रमाचं पुस्तक लिहून राहिली आन दिसभर कोणतं, कोणतं करून माझं डोकं खाऊन राहिली. मी तिच्या टेबलाजवळ माझं स्टूल नेऊन ठिवलं, दरवेळी उठायची तकलीफ नको.

टांझानियाहून फोटू आलाय. यंत्रापाशी एक बाई उभी हाये, डोक्याला रुमाल, हातात आपलं पुस्तक, मागं हळदीचा ढीग. बाकीचे अकरा कुकर पाहिजेत म्हणून कळवलंय. वैजनाथ पेढे वाटत फिरला. मी पेढा घेतला आन पोरीला म्हणलं, तो फोटू जरा मोठा कर. तिनं मोबाईलवर दोन बोटं ताणून मोठा केला. मी चष्मा लावून काचेची नळी धुंडली, मंग पट्टी धुंडली. पोरगी म्हणली, काका, काय बघून राहिले? मी म्हणलं, थांब.

दोरा हिरवा हाये. पर बाई, बराबर जाग्यावर बांधलाय.

माया ठिवा,
उकंडराव